लाल तेल, जांभळं तेल आणि वऱ्हाडचा उन्हाळा

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून आलेलं अलायन्स एअरचं एटीआर ७२ विमान बेलोऱ्याच्या धावपट्टीवर टेकलं आणि अमरावतीला प्रवासी विमानसेवा मिळाली. वऱ्हाडानं या दिवसाची फार वाट पाहिली होती. १८५० मीटरच्या धावपट्टीची चर्चा झाली, मुंबईला पोचायला लागणाऱ्या वेळाचे हिशेब झाले. उतरताना त्या विमानाच्या पोटात काय चाललं होतं ते मात्र कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. पंखांमागचे फ्लॅप बाहेर आले, चाकं खाली येऊन पक्की बसली, ब्रेक लागले, पुढचं चाक वळलं आणि विमान इमारतीकडे निघालं. ही चारही कामं जांभळ्या रंगाच्या एका तेलानं केली. अंगठ्याएवढ्या जाडीच्या नळ्यांमधून ते चौरस इंचाला ३००० पौंड दाबानं काम करत असतं. आपल्या मोटारीच्या टायरात जेवढा दाब असतो त्याच्या जवळजवळ शंभरपट.

त्याच बेलोऱ्याला एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. जाहीर झालेल्या आराखड्याप्रमाणे तिच्यात ३४ शिकाऊ विमानं असतील. अमेरिकेच्या पायपर कंपनीची एकइंजिनी ३१, ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीची दोन इंजिनांची ३. वर्षाला १८० वैमानिक तिथे तयार व्हावेत अशी योजना आहे. या लहान विमानांच्या ब्रेकमध्ये आणि चाकांच्या दांड्यांमध्ये तेल असतं ते लाल. म्हणजे एकाच विमानतळावर, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, दोन वेगवेगळ्या रसायनांची तेलं नांदणार. लाल तेलाचा थेंब जांभळ्यात गेला तर नुकसान, जांभळ्याचा लाल तेलात गेला तर त्याहून मोठं.

हे पुस्तक त्या दोन तेलांचं आहे, आणि ती किती तासांनी, किती उड्डाणांनी, किती महिन्यांनी तपासायची, गाळायची, बदलायची याचं आहे. कोणतं तेल आणि किती दिवसांनी, हे दोन प्रश्न आपल्याकडे वेगवेगळ्या टेबलांवर सोडवले जातात. तेल भांडारातला माणूस मागवतो, मुदत नियोजन विभाग ठरवतो. भागांची झीज मात्र या दोन्हींच्या गुणाकारानं होते. तेल बदललं की मुदत नव्यानं तपासावी लागते, आणि मुदत ताणायची तर आधी तेलाचा नमुना काढून पाहावा लागतो. ही दोन टेबलं एकमेकांना जोडावीत यासाठी मी हे लिहिलं आहे. अमरावती-अकोल्याची जी मुलंमुली येत्या काही वर्षांत विमान देखभालीच्या शिक्षणाकडे वळतील, ती माझी पहिली वाचक.

वऱ्हाडाला द्रवाच्या दाबाची ओळख नव्यानं करून द्यावी लागत नाही. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची रेल्वे सुरू झाली तेव्हापासून इथला कापूस दाबून, गाठी बांधून बाहेर जातो आहे. आजच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईची १७० किलोची गाठ हायड्रॉलिक प्रेसच बांधतो. प्रेसवर काम केलेल्या माणसाला सिलिंडर, पिस्टन, सील, दाबाचं घड्याळ हे सगळं ठाऊक असतं. ट्रॅक्टरची लिफ्ट तर गावोगाव आहे. या ओळखीमुळे विषय समजायला सोपा जातो, पण तिच्याबरोबर एक सवयही येते. लिफ्ट जड चालायला लागली की डब्यात जे असेल ते ओतायचं. ‘तेल तं तेलच राह्यते ना भाऊ, जे हाय ते टाक’ असं म्हणणारा मिस्त्री प्रत्येक गावात भेटतो, आणि ट्रॅक्टरच्या बाबतीत बहुतेक वेळा त्याचं निभावूनही जातं. विमानाच्या बाबतीत निभत नाही. का निभत नाही, ते या पुस्तकाच्या पहिल्या तीन प्रकरणांत आहे. इथे थोडक्यात सांगतो.

लाल तेल खनिज तेलापासून बनतं. अमेरिकन लष्कराच्या ५६०६ या मानकानं ते जगभर ओळखलं जातं. उणे ५४ अंशांपर्यंत ते वाहतं राहतं, हा त्याचा मोठा गुण. चटकन पेटतं, हा मोठा दोष. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी विमानं मोठी झाली, वेग वाढला, ब्रेक तापून लाल व्हायला लागले आणि फुटलेल्या नळीतून तापलेल्या ब्रेकवर उडालेलं तेल हे आगीचं ठरलेलं कारण होऊन बसलं. तेव्हा डग्लस या विमान कंपनीनं आणि मोन्सँटो या रसायन कंपनीनं मिळून फॉस्फेट एस्टर जातीचं तेल तयार केलं. तेच स्कायड्रॉल. ते जांभळं असतं, सहजासहजी पेट घेत नाही आणि आज जवळजवळ सगळ्या मोठ्या प्रवासी विमानांत ते किंवा त्याच्या जातीचं दुसरं तेल असतं. एटीआरमध्येही तेच. लष्करानं पुढे वेगळा मार्ग काढला. खनिज तेलाच्याच सीलवर चालणारं, पण खूप उशिरा पेटणारं ८३२८२ मानकाचं कृत्रिम तेल आणलं. तेही लालच दिसतं. म्हणून नुसत्या रंगावर विश्वास ठेवून चालत नाही, डब्यावरचा मानक क्रमांक वाचावा लागतो.

खरा घोटाळा सीलमध्ये होतो. ओ-रिंग दिसायला सगळ्या काळ्या आणि सारख्या. पण लाल तेलाच्या यंत्रणेत नायट्राइल रबराच्या रिंगा असतात आणि जांभळ्या तेलाच्या यंत्रणेत ब्युटाइल किंवा इथिलीन-प्रॉपिलीन रबराच्या. जांभळं तेल नायट्राइलला फुगवतं, मऊ करतं, शेवटी त्याचा चिखल करतं. लाल तेल इथिलीन-प्रॉपिलीनचं तेच करतं. फुगलेली रिंग पिस्टनला घासते, तिचे कण सुटतात, ते कण तेलाबरोबर पुढच्या व्हॉल्व्हमध्ये जातात. म्हणजे चूक डबा ओतताना होते आणि झीज दुसऱ्याच भागाची होते, कधी कधी कित्येक महिन्यांनी. लहान विमानतळांवर आणखी एक धोका असतो, तो मोटारीच्या ब्रेक ऑइलचा. पायपरच्या ब्रेकला लागणारं लाल तेल संपलेलं असतं, उड्डाण तासाभरावर असतं आणि बाहेरच्या दुकानात ब्रेक ऑइलची बाटली मिळते. मोटारीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलपासून बनतं, नायट्राइलचं आणि त्याचं जमत नाही. ब्रेक त्या दिवशी लागतील. नंतर केव्हा लागणार नाहीत ते सांगता येत नाही.

आता झिजेकडे वळू, कारण या विषयाचा गाभा तिथे आहे.

पंपाचा पिस्टन आणि त्याचं सिलिंडर, व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याचं घर, यांच्यामधली फट काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. त्या फटीत तेलाचा एक पदर बसतो आणि दोन धातू एकमेकांना शिवत नाहीत. पदर टिकला तर पंप हजारो तास चालतो. पदर दोन प्रकारे मोडतो. एक, तेल पातळ होतं. ५६०६ जातीच्या तेलाला जाडी यावी म्हणून त्यात लांब साखळीचे पॉलिमर मिसळलेले असतात. पंपाच्या दातांतून, व्हॉल्व्हच्या अरुंद वाटांतून हजारदा जाताना त्या साखळ्या तुटतात आणि तुटलेल्या पुन्हा जुळत नाहीत. तेल पातळ होतं आणि तसंच राहतं. रंग तोच, पातळी तीच, गळती कुठे नाही. तरी त्याचं अर्धं काम संपलेलं असतं. दुसरं म्हणजे, तेलात कण येतात. सगळ्यात जास्त नुकसान मोठे कण करत नाहीत, ते गाळणीत अडकतात. फटीच्याच मापाचे कण आत शिरतात, दोन्ही बाजूंना घासतात, धातूचे नवे कण काढतात आणि ते नवे कण पुढे तेच करतात. झीज झिजेला जन्म देते.

इथे वऱ्हाडची माती आली. आपली काळी माती बेसॉल्ट खडकापासून झाली आहे आणि तिच्यात चिकणमातीचं प्रमाण भरपूर. शास्त्राच्या व्याख्येनं चिकणमातीचा कण २ मायक्रॉनहून लहान. विमानातल्या बहुतेक गाळण्या त्याहून मोठे कण अडवण्यासाठी असतात. मार्च ते जून या काळात बेलोऱ्याच्या किंवा अकोल्याच्या शिवणी विमानतळाच्या आसपास वावटळ उठते तेव्हा हवेत हेच तरंगत असतं. ते चाकाच्या दांडीच्या चकचकीत क्रोम भागावर बसतं, दांडी आत सरकली की सीलच्या ओठापर्यंत पोचतं आणि तेलाच्या ओलीवर चिकटून लेप होतो. व्हॉल्व्हच्या घरात असा बारीक गाळ साचला की दांडा चिकटतो, थोड्या जास्त जोरानं हलतो, मग अचानक सुटतो. वैमानिकाला ब्रेक ‘धरल्यासारखा’ वाटतो. तंत्रज्ञाला काहीच सापडत नाही, कारण उघडून धुतल्यावर गाळ निघून गेलेला असतो.

उपाय फार साधा आहे. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि उन्हाळ्यात दुपारी पुन्हा एकदा, दांडीचा उघडा भाग त्याच यंत्रणेच्या तेलात भिजवलेल्या, तंतू न सोडणाऱ्या फडक्यानं पुसायचा. पायपरच्या दांडीला लाल तेल, एटीआरच्या दांडीला पुस्तिका सांगते ते तेल. कोरड्या फडक्यानं पुसलं तर धूळ क्रोमवर घासली जाते आणि आपणच ओरखडे काढून ठेवतो. सुती चिंधीही नको. कापसाच्या मुलखातल्या हँगरमध्ये हे सांगताना मला जरा अवघडल्यासारखं होतं, पण कापसाचा तंतू व्हॉल्व्हच्या फटीत अडकला की तो आसपासचे कण गोळा करतो, हे मी विसरू शकत नाही.

उन्हाचं गणित वेगळं आहे. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. उघड्यावर उभ्या विमानाच्या पत्र्याला हात लावता येत नाही. मग पावसाळा येतो आणि चार महिने हवा ओली राहते. जांभळं तेल हवेतलं पाणी शोषतं. पाणी आणि उष्णता एकत्र आली की तेलाचं विघटन होऊन त्यात आम्ल तयार होतं. आम्ल धातूला खातं, व्हॉल्व्हच्या धारदार कडा बोथट करतं आणि त्या कडांवरच व्हॉल्व्हचं सगळं नियंत्रण असतं. म्हणून प्रवासी विमानांच्या तेलाचे नमुने काढून त्यात पाणी किती, आम्ल किती, कण किती हे मोजतात. पाण्याची मर्यादा साधारण ०.८ टक्के आणि आम्लांकाची साधारण १.५. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटनं भाग धुऊन ते नीट न वाळवता बसवले तर तेलात क्लोरीन येतं आणि व्हॉल्व्हच्या कडा विद्युत-रासायनिक क्रियेनं खरवडल्या जातात. प्रवासी जेट विमानांच्या पहिल्या पिढीत या खरवडीनं अभियंत्यांना बराच काळ कोड्यात टाकलं होतं. तेलाच्या नव्या जातींमध्ये ती रोखणारं रसायन मिसळलं जाऊ लागलं तेव्हा कुठे ती आटोक्यात आली. हे सारं तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे. आकडे पाठ करण्यापेक्षा आकडा कुठून आला हे ज्याला कळलं, तो ओल्या हंगामात उघडलेला तेलाचा डबा उद्यासाठी झाकून ठेवत नाही. उरलेलं तेल तो बाजूला काढतो. नव्याकोऱ्या ड्रममधलं तेलही पुरेसं स्वच्छ नसतं, ते भरतानाच गाळून भरावं लागतं.

मुदतीच्या प्रकरणांवर मी या पुस्तकात सगळ्यात जास्त पानं खर्च केली आहेत.

विमानाच्या प्रत्येक भागाला तीन घड्याळं लागलेली असतात. उडालेले तास, उतरण्याची संख्या आणि दिनदर्शिका. प्रवासी विमान तास-दोन तास उडतं आणि एकदा उतरतं. शिकाऊ विमान तासाभरात पाच-सहा वेळा टेकतं आणि पुन्हा उडतं, कारण विद्यार्थ्याला उतरणंच शिकायचं असतं. त्याच्या इंजिनाचं घड्याळ तासांनी चालतं, चाकांच्या दांड्यांचं आणि ब्रेकचं उतरण्यांनी. दर १०० तासांची तपासणी कागदावर वेळेत झाली तरी दांडीनं तेवढ्यात पाचशे-सहाशे धक्के खाल्लेले असू शकतात. उलट जे विमान पावसाळ्यात महिनाभर हँगरमध्ये उभं राहिलं त्याचे तास वाढत नाहीत, पण सील एकाच जागी दबून राहतं, तेलात ओल शिरते, क्रोमवर गंजाचे ठिपके येतात. तिथे फक्त दिनदर्शिका खरं बोलते. बेलोऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे तीसहून अधिक शिकाऊ विमानं एकाच धावपट्टीवर फेऱ्या मारणार, तिथे तासांच्या घड्याळावर एकट्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

मुदत ताणली की काय होतं याचा सगळ्यात दुःखद धडा तेलाचा नाही, ग्रीसचा आहे. पण तत्त्व तेच. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. आतले ८८ जण गेले. शेपटीचा आडवा पंख वरखाली करणाऱ्या लांब स्क्रूवरची नट पूर्ण झिजली होती. तिचे आटे सोलून निघाले होते. या जोडणीला ग्रीस देण्याची मुदत त्या कंपनीनं १९८५ मध्ये ७०० तासांवर ठेवली होती. ती टप्प्याटप्प्यानं वाढत १९९६ मध्ये ८ महिने, म्हणजे सुमारे २५५० तासांवर गेली. प्रत्येक वाढ स्वतंत्रपणे पाहिली तर लहान वाटते. झीज मोजण्याची मुदतही बरोबरीनं लांबत गेली. १९९७ च्या सप्टेंबरात त्या विमानाच्या मोठ्या तपासणीत झीज मर्यादेच्या काठावर भरली. नट बदलण्याची शिफारस लिहिली गेली, पुन्हा मोजमाप झालं, ते आत बसलं आणि विमान जुन्याच नटसह परत उडू लागलं. त्याच सुमारास कंपनीनं ग्रीसची जातही बदलली होती. अपघातानंतर पहिला संशय साहजिकच नव्या ग्रीसवर गेला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं ते तपासलं आणि निष्कर्ष काढला की ग्रीसच्या बदलानं झीज झालेली नाही. ग्रीस पोचलंच नव्हतं, म्हणून ती झाली. ग्रीस आत जाण्याची वाट सुकलेल्या गाळानं बंद होती.

मला या अहवालातली ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. माल बदलला की सगळ्यांचं लक्ष मालाकडे जातं, मुदतीकडे कुणी पाहत नाही. डबा हातात धरता येतो, ताणलेली मुदत फक्त कागदात असते.

पण याचा अर्थ मुदत जितकी कमी तितकं चांगलं, असाही नाही. इथे मी आपल्या अनेक ज्येष्ठ तंत्रज्ञांशी असहमत आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॅडिंग्टन हे शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांच्या गटानं विमानांच्या बिघाडांच्या नोंदी मांडून पाहिल्या, तेव्हा दर ५० तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढलेले दिसले. पुढे हळूहळू ते कमी होत. तपासणीत उघडलेलं नीट बसत नव्हतं, आत घाण जात होती. तपासणीतली नको ती कामं काढली, मुदत वाढवली, आणि विमानांचे उपयोगी उड्डाणतास सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. पुढे १९७८ मध्ये नौलन आणि हीप या युनायटेड एअरलाइन्सच्या दोन अभियंत्यांनी अहवाल लिहिला. वय वाढलं की बिघाड वाढतो, असे भाग त्यांना फक्त ११ टक्के सापडले. बाकीचे ठरावीक वयाला काढून बदलण्यात काही फायदा नव्हता. आजच्या प्रवासी विमानांच्या देखभालीची सगळी रचना या विचारावर उभी आहे.

तेलाच्या यंत्रणेला हे लावताना मात्र सावध राहावं लागतं. त्या ११ टक्क्यांत कोण येतं? टायर, ब्रेकचे पॅड, जिथे धातू धातूवर किंवा रबर धातूवर घासतं ते साधे भाग. सील आणि पिस्टन यांचा स्वभाव त्यांच्याच जवळचा. म्हणजे या भागांचं वय मोजणं गरजेचं आहे, पण यंत्रणा वारंवार उघडणं घातक आहे. यावर वाट आहे ती नमुन्याची. न उघडता तेल थोडं काढायचं, मोजायचं, आकडा मागच्या आकड्याशेजारी लिहायचा.

पंपाला एक लहान गाळणी जोडलेली असते. पंपाच्या स्वतःच्या पोटातून झिरपणारं तेल तिच्यातून परत टाकीकडे जातं. पंप झिजायला लागला की पहिली बातमी तिथे येते. गाळणीचा कप काढल्यावर तेल पांढऱ्या बशीत ओतून उन्हात तिरपं धरावं. बारीक करडी चमक सगळ्या तेलात पसरलेली दिसली तर ती चालू झीज, बहुतेक वेळा स्वाभाविक. पितळी रंगाचे, डोळ्यांना वेगळे दिसणारे कण असतील तर पंपातले काशाचे भाग खरवडले जात आहेत. लांबट, वळलेली छिलकी दिसली तर थांबायचं, पंप काढायचा आणि पुढच्या नळ्या धुतल्याशिवाय नवा पंप बसवायचा नाही. नव्या पंपाला जुन्या पंपाचे कण मिळाले तर तोही त्याच वाटेनं जातो. हा तपास दहा मिनिटांचा आहे आणि कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय होतो.

दुसरी गोष्ट चाकाच्या दांडीची. ती पायपरपासून एटीआरपर्यंत सगळीकडे लागू आहे. दांडीत खाली तेल आणि वर नायट्रोजन असतो. धक्का तेल अंगावर घेतं, विमानाचं वजन वायू तोलतो. आर्चर जातीच्या पायपरची पुस्तिका सांगते की विमान जमिनीवर उभं असताना मागच्या दांड्या साधारण साडेचार इंच आणि पुढची सव्वातीन इंच उघडी दिसावी. सील थोडं गळायला लागलं की तेल कमी होतं आणि दांडी खाली बसते. घाईत असलेला माणूस नायट्रोजन भरतो. उंची बरोबर येते, मोजपट्टी समाधानी होते. आत मात्र तेल कमी आहे. सरळ जमिनीवर काही कळत नाही. विद्यार्थी एकदा जोरात आपटून उतरला की दांडी तळाला धडकते आणि तो धक्का बोल्टांवर, पंखाच्या मुळावर जातो. तिथे पडलेली बारीक चीर पुढच्या तपासणीपर्यंत कुणाला दिसत नाही. म्हणून दांडी पुन्हा पुन्हा बसत असेल तर वायू सोडून, दांडी पूर्ण दाबून तेलाची पातळी आधी बघायची.

यात आपल्या हवेचा एक खास पेच आहे. जानेवारीच्या पहाटे १० अंशांना बरोबर भरलेली दांडी मेच्या दुपारी ४५ अंशांना वर आलेली दिसते, कारण तेवढ्या फरकानं बंदिस्त वायू सुमारे १२ टक्के पसरतो. दुपारी नायट्रोजन सोडून उंची जुळवली की पहाटे दांडी बसलेली. मग पुन्हा भरायचा. असा खेळ चालू राहिला तर व्हॉल्व्ह झिजतो, आणि ‘ही दांडी नेहमी बसते’ असं समजून खऱ्या गळतीकडे दुर्लक्ष होतं. नोंदवहीत उंचीशेजारी हवेचं तापमान आणि वेळ लिहिली तर हा सगळा गोंधळ टळतो. मी तरी अशा दोन जादा रकान्यांची नोंदवही वापरावी असं आग्रहानं सांगेन. पुस्तकाच्या शेवटी तिचा नमुना छापला आहे.

शिवणीबद्दलही लिहायला हवं. अकोल्याची धावपट्टी अमरावतीपेक्षा जुनी, ब्रिटिश काळातली, सुमारे १४०० मीटरची. ती वाढावी यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षं चर्चेत आहे. तिथे नियमित सेवा सुरू होईल तेव्हा होईल. पण आखूड धावपट्टीवर ब्रेक जास्त जोरानं लागतात, ब्रेक जास्त तापतात, त्यांच्या सीलला आणि तेलाला जास्त उष्णता सोसावी लागते. उद्या शिकाऊ विमानं सरावाला शिवणीला उतरू लागली तर त्यांच्या ब्रेकची मुदत बेलोऱ्याच्याच हिशेबानं ठेवता येणार नाही. शेजारीच असलेल्या कृषी विद्यापीठाकडे माती आणि हवामानाच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी आहेत. धुळीचे कण कोणत्या महिन्यात किती बारीक, हवेत ओल केव्हा किती, हे विमान देखभालीच्या लोकांनी तिथे जाऊन विचारावं असं मला मनापासून वाटतं.

पुस्तकाची मांडणी सांगून थांबतो. पहिली तीन प्रकरणं तेलांची, पुढची दोन सील आणि गाळण्यांची, त्यानंतरची चार मुदतींची. दहाव्या प्रकरणात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. परवान्यासाठी सीएआर-६६, देखभाल संस्थेसाठी सीएआर-१४५, शिक्षण संस्थेसाठी सीएआर-१४७. परीक्षेला बसणाऱ्यांनी ते आधी वाचलं तरी चालेल. कोणत्याही प्रकरणातला आकडा तुमच्या विमानाच्या पुस्तिकेशी जुळला नाही तर पुस्तिकेचा आकडा धरायचा. या पुस्तकाचं काम त्या आकड्यामागचं कारण सांगणं एवढंच आहे.

बेलोऱ्याला आत्ता जुन्या नोंदी नाहीत. तिथल्या धुळीनं, तिथल्या उन्हात, इतक्या उतरण्यांनंतर दांडीचं सील किती टिकतं, हे जगातल्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही, कारण इतकी विमानं तिथे आजवर उडालीच नव्हती. पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत जे तंत्रज्ञ तिथे असतील त्यांच्या नोंदींवर पुढच्या सगळ्या मुदती ठरणार आहेत. तेव्हा बदललेलं प्रत्येक सील फेकण्याआधी त्यावर विमानाचा क्रमांक, तास, उतरण्या आणि महिना लिहून पिशवीत ठेवा. प्रत्येक नमुन्याचा आकडा लिहा, चांगला आला तरी लिहा. कोणत्या डब्यातलं, कोणत्या खेपेचं तेल भरलं ते लिहा. मेमधला आणि ऑगस्टमधला नमुना वेगळा काढा, कारण मे महिना कण दाखवेल आणि ऑगस्ट पाणी.